पिंप भरलेलं, नळ कोरडा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या वैशाखात माझ्या भाच्याची मुंज एरंडवण्यातल्या एका कार्यालयात झाली. पन्ह्याच्या जोडीला आलं-लिंबाचा सोडा मी घरून करून नेला होता, केगमध्ये. केग म्हणजे स्टीलचं उंच, अरुंद पिंप. त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडायचा, त्या गॅसचा दाब पेय नळातून बाहेर ढकलतो. माझं १९ लिटरचं आहे, २०० मिलिलिटरचे ९५ ग्लास भरतात. परदेशात शीतपेयाच्या कंपन्यांनी ही पिंपं रूढ केली आणि पुढे घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली. आपल्याकडे विनापरवाना घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, म्हणून मी सोडा करते. पण पिंप तेच, आणि त्याचे बिघाडही तेच.

अक्षता पडल्या, मुलं ग्लास घेऊन रांगेत उभी राहिली, मी नळ उघडला. दोन थेंब आले, फुस्स झालं, आणि बंद.

भाऊजी म्हणाले, “प्रेशर वाढवा ना थोडं.” मलाही तेच सुचलं होतं. सिलिंडरवरचा रेग्युलेटर पिळून दाबाचा काटा १५ पौंडांवरून ४० वर नेला. तरी थेंब नाही. आणखी एकदा नळ खालीवर केला, तेव्हा आत अडकलेलं काहीतरी एकदम सुटलं आणि फेसाचा असा फवारा उडाला की भाऊजींचं सोवळं चिंब झालं. त्यानंतर जे आलं तो नुसता फेस. पाऊण पिंप सोडा परत घरी आणावा लागला, आणि ताई दिवसभर “राहू दे गं, पन्हं आहे की” म्हणत राहिली, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून मी काहीही पिळण्याआधी दाब कुठपर्यंत पोचलाय ते बघते. ते बघायला पाना लागत नाही. पिंपाच्या झाकणावर एक छोटी कडी असते, सेफ्टी वॉल्व्हची. ती क्षणभर ओढायची. जोरात ‘स्सऽऽ’ आलं, तर गॅस पिंपात पोचलाय आणि अडथळा पिंपापासून नळापर्यंतच्या वाटेत आहे. आवाज आला नाही किंवा मरगळलेला आला, तर खोट सिलिंडरच्या बाजूला आहे. एका सेकंदात निम्मं काम होतं. मुंजीत मी ही कडी ओढली असती तर ४० पौंडांचा प्रसंगच आला नसता.

आवाज आला नाही असं धरू. आधी सिलिंडरची चावी उघडी आहे का बघा. हसू नका, टेम्पोतून नेताना आपणच ती बंद केलेली असते आणि घाईत विसरतो. मग सिलिंडर संपलाय का. इथे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी २० अंशांना काटा ५७ बारच्या (बार हेही दाबाचं माप) आसपासच दाखवतो, आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतो. म्हणजे पाव सिलिंडर असो की भरलेला, काटा एकच सांगणार. म्हणून वजन करायचं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच ठोकलेलं असतं, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसवर असतं तसं.

गॅस भरपूर आहे पण पिंपात टिकत नाही, असंही होतं. झाकण लंबगोल असतं आणि आतल्या बाजूने बसतं. आतून झाकण बसणारे कुकर ज्यांच्याकडे आहेत त्यांना लगेच कळेल: आतला दाबच झाकणाला वर रेटून घट्ट धरतो. दाब कमी असला की वायसर नीट बसत नाही आणि कडेने गॅस हळूहळू निघून जातो. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. वायसरला खाण्याचं चालेल असं ग्रीस बोटाने पुसायचं, झाकण वर ओढून धरायचं आणि एकदम ३० पौंड द्यायचे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण एवढीच हवा असते. झाकण ‘टक्’ करून बसलं की दाब पुन्हा खाली आणायचा.

आता दुसरी बाजू, आणि माझं दुखणं तिथेच होतं.

पिंपाच्या डोक्यावर दोन तोंडं असतात, एक गॅस आत जाण्याचं, एक पेय बाहेर येण्याचं. दिसायला जुळी. बऱ्याच पिंपांवर गॅसच्या तोंडाच्या कडेला खाचा असतात, आणि कपलर, म्हणजे तोंडावर बसणारी नळीची जोडणी, गॅसचा राखाडी, पेयाचा काळा. अदलाबदल झाली तर कपलर जोर लावूनच बसतो आणि मग निघता निघत नाही. कपलर सहज बसत नसेल तर हात थांबवा.

बर्फाचंही सांगते. थंड राहावं म्हणून आपण पिंप बर्फाच्या टपात ठेवतो. कुणीतरी हौसेने त्यात खडे मीठ टाकतं, पॉट आइस्क्रीमची सवय. मिठाच्या बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि नळाकडे जाणारी बारीक नळी त्यात पडली असेल तर आतलं पेय गोठतं. अशी नळी वर काढून दहा मिनिटं ठेवा.

पण मुंजीत मीठ नव्हतं. तिथे होता साका. आल्याचा रस काढून तासभर ठेवला की भांड्याच्या तळाशी पांढरट थर बसतो, तो आल्यातला स्टार्च. मी रस गाळला होता, पण निवळू दिला नव्हता. पेयाच्या तोंडापासून पिंपात उतरणारी लांब नळी थेट तळाला टेकते, म्हणजे पहिला घोट ती साक्याचाच घेते. घरी आल्यावर मी सगळा दाब सोडला, पान्याने पेयाचं तोंड उघडलं आणि नळी बाहेर काढली. खालच्या टोकात आल्याच्या तंतूंचा बोळा होता, त्यावर साका लिंपलेला, आणि मध्ये एक लिंबाची बी, वर जाऊन तोंडातल्या स्प्रिंगच्या पिनेखाली बसायच्या बेतात. करंगळीच्या नखाएवढा ऐवज, त्याने पाऊण पिंप अडवलं होतं.

सगळं न उघडताही एक उपाय करून बघता येतो. गॅस बंद करायचा, कडी ओढून दाब उतरवायचा, गॅसच्या नळीच्या टोकाला काळा कपलर लावायचा आणि पेयाच्या तोंडातून गॅसचा एक छोटा झटका उलटा द्यायचा. आत गुडगुड ऐकू आली की वाट मोकळी झाली. मग पिंप तासभर स्थिर ठेवा आणि पहिला ग्लास ओतून द्या. गुडगुड आली नाही तर नळी काढण्याला पर्याय नाही, आणि त्याआधी कडी ओढल्यावर आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबा. दाबाखालचं तोंड उघडलं तर ते गोळीसारखं उडतं. हे काम गच्चीत किंवा खिडक्या उघडून करा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत खाली साचून राहतो.

आता मी रस रात्रभर फ्रिजमध्ये निवळू देते, वरचा अलगद ओतून घेते आणि पंचातून दुसऱ्यांदा गाळते. शिवाय भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याकडून पिंपातली नळी खालून दीड सेंटिमीटर कापून घेतली. त्याने कापलेली कड घासून गुळगुळीत करून दिली, तेही आवश्यक, नाहीतर तंतू तिथेच अडकतात. तळाशी दोन-अडीच ग्लास सोडा उरतो. तो राहू देते. येत्या वैशाखात ताईच्या धाकट्याची मुंज आहे.