क्लेअरमध्ये मुक्काम का करावा

श्रोतेहो, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काउंटी क्लेअरमध्ये सुट्टीत काय पाहावे आणि काय करावे, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे. मुलांकडे डब्लिनला जाऊन आलेली मंडळी येथे बरीच असणार, त्यामुळे मोहर येथील समुद्रकाठच्या उंच कड्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. माझा आग्रह एवढाच आहे की, क्लेअर डब्लिनहून एका दिवसात उरकू नये; तेथे मुक्काम करावा आणि त्यातला मोठा वाटा क्लेअरमधल्या बरन या खडकाळ प्रदेशाच्या चुनखडकाला द्यावा.

एकदिवसीय सहलींबद्दल माझी तक्रार आहे. पहाटे निघायचे, देशाची सगळी रुंदी ओलांडायची, कड्यांवर घाईघाईने फिरायचे आणि बरनमध्ये छायाचित्रापुरते उतरायचे, असा त्यांचा क्रम असतो. मी गेलो होतो त्या सहलीतले सहप्रवासी ‘येथे नुसता दगडच आहे’ असे म्हणत गाडीत परतले. त्यांना दोष देता येत नाही, कारण उभ्याने पाहिले तर दगडच दिसतो. बरन पाहायचे तर गुडघे टेकून खाली वाकावे लागते.

सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी हा खडक तयार झाला. पुढे हिमनद्यांनी त्याच्यावरची माती खरवडून नेली आणि पावसाच्या पाण्याने त्यात उभ्या भेगा पाडल्या. मे महिन्यात या भेगांच्या काठाशी जेन्शनची गडद निळी फुले उमलतात, त्यांच्या शेजारी आर्क्टिक प्रदेशात वाढणारी, पांढऱ्या पाकळ्यांची माउंटन ॲव्हन्स असते, आणि खाली, भेगेच्या ओलसर सावलीत, आपल्याकडे विहिरींच्या दगडांत उगवणाऱ्या हंसराजाच्या जातकुळीतले नेचे दिसते. थंड आणि उबदार प्रदेशांतल्या वनस्पती इतक्या जवळजवळ नांदताना फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात.

सतराव्या शतकात आयर्लंडवर स्वारी करणाऱ्या इंग्लंडच्या क्रॉमवेलचा सेनानी एडमंड लडलो येथे आला होता. माणसाला बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही, असे त्याने या भागाचे वर्णन केले, आणि सगळे मार्गदर्शक ते हमखास ऐकवतात. त्याने पुढे जे लिहिले ते मला अधिक मोलाचे वाटते: खडकांच्या मधल्या हातभर जागेतले गवत अत्यंत सकस असून येथली गुरे चांगली धष्टपुष्ट आहेत. बरनचे शेतकरी आजही हिवाळ्यात गुरे डोंगरावर नेतात. खडकाने उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवलेली असते, बसायला जागा कोरडी मिळते, आणि गुरांनी जुने गवत खाऊन टाकल्यामुळे वसंतात लहान रोपांना प्रकाश मिळतो. गुरे वर जाईनाशी झाली की हेझलची झुडपे माजतात आणि फुले दबून जातात. म्हणूनच 2005 मध्ये सुरू झालेल्या बरनलाइफ प्रकल्पाने शेतकऱ्यांना बाजूला न सारता, त्यांच्या चराईलाच संवर्धनाचे साधन मानले. ऑक्टोबरच्या अखेरीस गुरे वर नेण्याचा उत्सवही होतो. त्या वेळी जाता आले तर अवश्य जावे.

येथे एक कळकळीची विनंती करतो. पुलनाब्रोनचे साडेपाच हजार वर्षांहून जुने दगडी थडगे पाहायला गेलेले अनेक पर्यटक आसपासचे सुटे दगड उचलून त्याच्या चिमुकल्या प्रतिकृती रचतात. त्या दगडांखाली कीटकांचा आसरा असतो आणि त्यांच्या आडोशाने रोपे तगतात. आपण कोणीही तेथला एकही दगड हलवू नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून ठरलेला कार्यक्रम थोडक्यात सांगतो. रेल्वेने एनिसला उतरावे. गल्ल्यांचे हे जुने गाव पायी फिरण्याजोगे आहे. तेथून 350 क्रमांकाची बस मोहर आणि डूलिनमार्गे गॉलवेकडे जाते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. 214 मीटर उंचीचे कडे भर दुपारी न पाहता संध्याकाळी पाहावेत. एप्रिल ते जुलै या काळात गेल्यास पफिन पक्षी दिसतील, म्हणून दुर्बीण न्यावी. एलवीच्या गुहेत अस्वलाची हाडे सापडलेली आहेत. मुले बरोबर असतील तर तेथे जावे. जुलैमध्ये मिलटाउन मॅलबे येथे 1973 पासून भरणारी, आयरिश पारंपरिक संगीताची विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा असते, आणि कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स त्या आठवड्यात गावभर ऐकू येतात. सप्टेंबरमध्ये लिसडूनवार्नाला लग्न जुळवण्याचा उत्सव होतो. पोहायला किलकीला जावे, आणि शेवटचा दिवस लूप हेडच्या दीपगृहासाठी ठेवावा. तेथले कडे मोहरएवढे उंच नसले तरी गर्दी पुष्कळ कमी असते. बरनमध्ये चालताना घोट्याला आधार देणारे बूट घालावेत, कारण त्या भेगांत पाय सहज मुरगळतो.