जड म्हणून मागे राहत नाही

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय 'पेपर क्रोमॅटोग्राफी आणि पोलॅरिटी', म्हणजे मिश्रणातले पदार्थ कागदावर वेगळे करणं, आणि रेणूत विद्युतभार एका बाजूला झुकलेला असणं, त्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट बोलू द्या, बरेच दिवस डोक्यात घोळतेय.

एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो, शाळेचं नाव नको. नववीतली एक मुलगी दोन ग्लास मांडून उभी होती. प्रयोग तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा, फिल्टर पेपरची पट्टी, खालून दोन बोटं सोडून पेन्सिलीची रेघ, रेघेवर काळ्या स्केचपेनचा ठिपका, टोक पाण्यात पण ठिपका पाण्याच्या वर. पाणी चढलं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे सुटले. इथपर्यंत सगळेच करतात. हिने दुसऱ्या ग्लासात बॉलपेनचा ठिपका लावला होता आणि तो जागचा हलला नव्हता, पाणी त्याला ओलांडून पार वर गेलं तरी हा रेघेवरच. आणि वहीत तिने तसंच लिहिलेलं, 'शाई हलली नाही, कारण शोधायचं आहे.' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात परीक्षक आले, म्हणाले, बॉलपेनची शाई जड असते, ती कशी चढेल, प्रयोग फसला तुझा. मार्क कापले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

अहो फसला कुठे? त्या टेबलावरचं सगळ्यात मोलाचं निरीक्षण तेच होतं! ते पुढे गेल्यावर मी दारातलं पातळ सॅनिटायझर आणलं, म्हणजे मुख्यतः अल्कोहोलच ते, वाटीत ओतलं आणि म्हटलं नवी पट्टी लाव. थोड्या वेळात तोच ठिपका जांभळट ओघळ सोडत वर सरकायला लागला. शाई तीच, कागद तोच. वजन बदललं का? (सभागृहातून: "नाही!") बदललं फक्त सॉल्व्हेंट, म्हणजे कागदातून वर चढणारा द्रव.

हे 'हलकं पुढे, जड मागे' मुलांच्या नोट्समध्ये सर्रास दिसतं आणि चटकन पटतं, म्हणून तर त्रास होतो. यावर माझं ठरलेलं उत्तर आहे, ग्लायसिन आणि ल्युसिन. दोन्ही अमिनो आम्लं, ग्लायसिनचा रेणुभार ७५, ल्युसिनचा १३१. ब्युटेनॉल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि पाण्याच्या मिश्रणात पट्टी चालवा, वाळवा, निनहायड्रिन, म्हणजे अमिनो आम्लांना रंग आणणारं रसायन, फवारून गरम करा, जांभळे ठिपके उमटतात. जड ल्युसिन खूप पुढे, हलकं ग्लायसिन मागे! ल्युसिनला कार्बन-हायड्रोजनची लांब, तेलकट स्वभावाची साखळी आहे, ग्लायसिनला तिथे नुसता एक हायड्रोजन, म्हणून ल्युसिन सॉल्व्हेंटबरोबर जास्त जातं.

आणि हे तंत्र आलंच अमिनो आम्लांच्या कामातून. इंग्लंडात लीड्सला लोकरीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती, लोकर म्हणजे प्रोटीन, त्यातली अमिनो आम्लं वेगळी करायची होती. कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी १९४४ मध्ये साध्या फिल्टर पेपरवर ते जमवून दाखवलं. त्यामागची पार्टिशनची, म्हणजे पदार्थ दोन द्रवांत वाटला जाण्याची, कल्पना मार्टिन आणि सिंज यांची, १९५२ चं नोबेल त्यासाठीच. पुढे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगरना इन्सुलिनची रचना उलगडताना हाच कागद कामी आला. आपल्याकडे बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. व्ही. गिरींनी पट्टीऐवजी गोल कागदावर हे करायची पद्धत वापरली, त्यावर खरं तर अख्खं व्याख्यान... बरं, चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय म्हणे. मुद्द्याचं पटापट सांगतो.

कागद म्हणजे सेल्युलोज, त्यावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनचे ओएच गट, आणि ते पाणी धरून बसतात, कागद हाताला कोरडा लागला तरी. वर चढणारं सॉल्व्हेंट सहसा त्या पाण्यापेक्षा कमी पोलर. प्रत्येक पदार्थ या दोघांत वाटला जातो, पोलर असेल तो कागदातल्या पाण्यात जास्त रेंगाळतो, नसेल तो सॉल्व्हेंटबरोबर निघून जातो. गावातून जाताना ज्याची ओळख जास्त त्याला प्रत्येक ओट्यावर चहाला थांबावं लागतं, तसं. पदार्थ किती गेला भागिले सॉल्व्हेंट किती गेलं, हा आरएफ. तो त्या सॉल्व्हेंटपुरताच खरा, नुसता आकडा पाठ करून उपयोग नाही.

पालकाच्या भाजीचा रंग घ्या, सॉल्व्हेंट म्हणून पेट्रोलियम ईथरमध्ये थोडं अ‍ॅसिटोन. कॅरोटीन या नारिंगी रंगद्रव्यात कार्बन-हायड्रोजनशिवाय काहीच नाही, ते थेट टोकाला. क्लोरोफिल ए आणि बी मध्ये फरक एका गटाचा, ए ला सीएचथ्री, बी ला सीएचओ. रेणुभार ९०० च्या आसपास, त्यात फरक १४ चा, पण सीएचओ पोलर म्हणून बी मागे राहतं. अशा कमी पोलर सॉल्व्हेंटमध्ये सगळेच ठिपके टोकाला गेले तर सॉल्व्हेंटची पोलॅरिटी कमी करा, सगळे खालीच राहिले तर वाढवा.

आणि बॉलपेन? त्याचे रंग तेलकट, रेझिनच्या शाईत असतात, पाण्यात विरघळतच नाहीत तर पाण्याबरोबर जाणार कसे? अल्कोहोल पाण्यापेक्षा कमी पोलर, त्यात उतरतात आणि निघतात. स्केचपेनच्या रंगांना पाणी चालतं.

मागच्या टेबलावर पट्ट्या ठेवल्यात, करून बघा. रेघ पेन्सिलीनेच मारा, ठिपका लहान ठेवा, ग्लासवर झाकण घाला. काळं जेलपेन नको, त्यात बऱ्याचदा पिगमेंटचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगाचे, कण असतात, ते पाण्यातही हलत नाहीत आणि स्पिरिटमध्येही नाही.