कोर्टाच्या वाटेने आलेला अल्बम

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या यादीत एक रॅप अल्बम राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला. त्यानंतरही दशकभर तो स्पॉटिफायवर मिळत नव्हता! डे ला सोल या रॅप गटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’, १९८९ चा.

लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल गावची ही तीन पोरं. त्यातला एक ट्रुगॉय. दही फार आवडायचं म्हणून ‘योगर्ट’ उलटं लिहून त्याने ते नाव घेतलं होतं, यावरून एकूण स्वभाव कळावा. सोबतीला निर्माता प्रिन्स पॉल. यांनी जुन्या रेकॉर्डी उपसल्या आणि हाताला लागेल तो तुकडा उचलून आपल्या गाण्यांत गुंफला. ‘आय नो’मध्ये स्टीली डॅन हा रॉक बँड आहे, वर सोल गायक ओटिस रेडिंगची शीळ. ‘मी मायसेल्फ अँड आय’च्या खाली फंकाडेलिक हा फंक बँड वाजतो. ‘द मॅजिक नंबर’चा जीव तर मुलांना तीनाचा पाढा शिकवणाऱ्या टीव्हीवरच्या गाण्यात आहे.

पण एका छोट्याशा तुकड्याने घोळ केला. फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डखाली त्यांनी द टर्टल्स या बँडचं एक गाणं संथ करून वाजवलं होतं, विचारल्यावाचून. दावा झाला, कोर्टाबाहेर मिटला. पुढे १९९१ मध्ये, असाच तुकडा न विचारता उचलल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीवर चाललेल्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली, आणि एकेका गाण्यात पाच-सहा तुकडे गुंफण्याची चैन संपली. आज हा अल्बम कोणी नव्याने करायला घेतला, तर परवानग्यांच्या खर्चातच बुडेल.

ज्यांची परवानगी होती, तिथेही करार एलपी, कॅसेट, सीडी यांच्यापुरते. डिजिटल विक्रीचा त्यांत उल्लेखच नाही; १९८९ मध्ये तो सुचणार तरी कुणाला? म्हणून हक्क ज्यांच्याकडे गेले ते सगळे हात बांधून बसले. २०१४ च्या व्हॅलेंटाइन डेला डे ला सोलने वैतागून आपली गाणी चक्क फुकट वाटली. २०२१ मध्ये रिझर्व्हायर कंपनीने टॉमी बॉय हे त्यांचं जुनं लेबल विकत घेतलं, वाटाघाटी झाल्या, आणि ३ मार्च २०२३ ला जुने सहाही अल्बम एकदम स्ट्रीमिंगवर आले. ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला गेला.

नव्या आवृत्तीत खर्ज किती उठला, यावर जाणकार हिरिरीने भांडतात. मला विचाराल तर या अल्बमची धूळ फार झटकू नये. घासलेल्या रेकॉर्डींची खरखर त्याच्या तालातच मुरली आहे. खरं जीर्णोद्धाराचं काम झालं ते वकिलांच्या टेबलावर.

ऐकाल तेव्हा शफल बंद ठेवा. गाण्यांच्या अधूनमधून एक क्विझ चालतो. त्यातला एक प्रश्न असा, की पेर्ड्यू कंपनीच्या कोंबडीला पिसं किती? उत्तर शेवटपर्यंत देत नाहीत.