लॅब हवाय, पण कोणता?

लोकांनी सोडून दिलेली लॅब्रॅडॉर (म्हणजे लॅब), पग अशी जातिवंत कुत्री आम्ही उचलतो आणि त्यांना नवं घर शोधून देतो. आम्हाला फोन येतो तो बहुधा असा: ‘तुमच्याकडे लॅबचं पिल्लू आहे का हो? मादी चालेल, पण रंग फिकट हवा.’ पिल्लू नसतं. असतो तो सहा वर्षांचा, अंगाने सुटलेला, कान सुजलेला एक नर, ज्याला कुणीतरी गाडीतून आणून कात्रजच्या घाटात उतरवून गेलेलं असतं. पुण्यामुंबईत जातिवंत कुत्री रस्त्यावर येतात हे ऐकून लोक अजूनही चकित होतात. पैसे मोजून आणलेला प्राणी कुणी सोडेल कशाला? सोडतात. बदली होते, बाळ होतं, नवा घरमालक नाही म्हणतो; ज्या आजोबांचा कुत्रा होता ते जातात आणि मुलगा असतो बंगळूरला. अशी माणसं आधी फोन करतात, रडत का होईना पण कुत्रा आमच्या हातात देतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो हौसेवर. २००३ च्या सुमाराला हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे पग धावला आणि पग घरोघरी आले. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाकच चपटं, श्वासाची वाट अरुंद. एप्रिलच्या दुपारी दोन जिने चढला तरी घरघरायला लागतो. हस्की तर सायबेरियातला, बर्फात स्लेज ओढणारा, अंगावर केसांचा दुहेरी थर. त्याला आपण चाळीस अंशांत फ्लॅटमध्ये कोंडतो, तो सोफा फाडतो, मग ‘फार वात्रट निघाला’ म्हणून बाहेर काढतो. प्राण्याला असं उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड? दहा ते पन्नास रुपये. हसू नका, कायद्यात तसंच लिहिलंय.

आणि मग ब्रीडरकडच्या, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्यांकडच्या, ‘निकामी’ माद्या. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम आहेत, पत्र्याच्या शेडपर्यंत ते पोचतातच असं नाही. अशा एका शेडमधून एक गोल्डन रिट्रीव्हर आली. सड लोंबलेले, कोपरांवर सिमेंटच्या जमिनीने पडलेले घट्टे, नखं वळून पंज्यात रुतायला आलेली. फॉस्टरच्या, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्याच्या, घरी ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी आली आणि तिथेच बसून राहिली. जिना म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. माणूस खोलीत असेपर्यंत ती भांड्याला तोंड लावायची नाही. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकायचे, म्हणून फॉस्टर करणाऱ्या ताईंनी दारापासून बाल्कनीपर्यंत योगा मॅट अंथरल्या. आता ती त्या मॅटवरून चालते, आणि जेवणाची वेळ झाली की मॅट सोडूनही चालते.

कुत्रा देण्याआधी आम्ही रक्त तपासतो, कारण गोचीडतापात प्लेटलेट्स उतरलेल्या असतात आणि कुत्रा वरून ठणठणीत दिसू शकतो. नसबंदीशिवाय देत नाही. यावरून भांडणं होतात. ‘एकदा तरी आई होऊ दे ना तिला!’ नसबंदी न झालेल्या मादीला वाढत्या वयात गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जीव जातो. शिवाय उघडच सांगते, फुकटात लॅबची मादी मिळवून पिल्लांचा धंदा करू पाहणारेही फॉर्म भरतात.

फॉर्मबद्दल तुमची तक्रार मला माहीत आहे. ‘मुलीच्या स्थळालाही इतके प्रश्न विचारले नव्हते,’ असं एका काकांनी सुनावलं होतं. पण पगार आम्ही विचारत नाही. दिवसा घरात कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का, तुम्ही गावाला गेलात तर कुत्रा कुणाकडे, एवढंच विचारतो. सोसायटी नाही म्हणते असं सांगून मागे फिरू नका. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. होम चेकला आम्ही येतो तेव्हा फर्निचर बघत नाही. बाल्कनीच्या गजांतली फट बघतो, आणि आजी कुठे उभ्या आहेत ते बघतो. सगळे ‘आमची तयारी आहे’ म्हणत असताना आजी स्वयंपाकघराच्या दाराआड असतील, तर आम्ही चहा घेतो आणि कुत्रा न देता परत येतो.

माझं म्हणणं एवढंच, की जात मागू नका, तुमचं घर कसं आहे ते सांगा. पिल्लू मोठेपणी कसं निघेल हा जुगार आहे. सहा वर्षांच्या कुत्र्याचं सगळं समोर असतं: लहान मुलं चालतात का, फटाक्यांना घाबरतो का, एकटा ठेवला तर शेजारी तक्रार करतील का. फॉस्टरने हे सगळं महिनाभर पाहिलेलं असतं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर खुब्याचं दुखणं असलेला जर्मन शेफर्ड आम्ही देणार नाही. सत्तरीतल्या जोडप्याला दोन वर्षांचा बीगलही नाही. तो वास लागला की हात उखडून नेईल. त्यांना आठ वर्षांची लॅब शोभते, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, मधे झोप.

घरी नेल्यावर पहिल्या दिवशी आंघोळ नको, पाहुणे नकोत, फोटोसाठी मिठ्या नकोत. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात: तीन दिवस बावरलेपण, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, खरा स्वभाव दिसायला तीन महिने. तारखा कॅलेंडरवर मांडू नका, पण घाईही करू नका. गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, फोन नंबरचा टॅग लावा. कुत्रा निसटतो तो बहुधा याच दिवसांत, आणि निसटला तर तुमचा पत्ता त्याला माहीत नसतो.

नाहीच जमलं तर कुत्रा आमच्याकडे परत आणायचा, ही करारातली अट आहे. परस्पर कुणाला द्यायचा नाही. विशेषतः कुणाच्या फार्महाऊसवर नाही. ‘तिथे मोकळा राहील, मजेत राहील’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. तिथे तो शनिवार-रविवार मोकळा असतो आणि बाकीचे पाच दिवस साखळीला; वॉचमनची भाकरी उरली तर जेवतो. आमचे निम्मे लॅब तिथूनच उचललेले आहेत.