चौदा सेकंद आणि दोन सेकंद

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर 'बॉक्सिंगच्या इतिहासातल्या दहा थरारक फेऱ्या' असं छापलंय. दहा हा आकडा आयोजकांचा. फोनवर मी 'काही फेऱ्या' म्हणालो होतो. पण 'काही' छापलं तर माणसं येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा दहा होणार नाहीत हे आत्ताच सांगून टाकतो. मागच्या रांगेतल्या कुणाला निघायचं असेल तर दार उघडं आहे. (हशा)

माझं एक आवडतं म्हणणं आहे. घरी मांडून झालं, मित्रांपुढे मांडून झालं. घरचे उठून जातात आणि मित्र विषय बदलतात. तुम्हाला खुर्च्यांत बसवून ठेवलंय, म्हणून तुमच्यापुढे मांडतो. थरारक फेरी दोघंजण घडवत नाहीत, तिघं घडवतात. तिसरा म्हणजे तो बो लावलेला, उघड्या हातांचा माणूस, ज्याचं नाव आपल्याला कधीच आठवत नाही. आपण ज्या फेऱ्या पुन्हा पुन्हा बघतो, त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांत हा रेफरी एकतर मोजायला उशीर करतो, नाहीतर थांबवायला. त्यानं झटपट आवरतं घेतलं असतं, तर त्या फेरीचं नावही कुणी काढलं नसतं.

आपण मूळची कुस्तीची माणसं. पाठ टेकली की चितपट, विषय संपला. बॉक्सिंगमध्ये पडणं म्हणजे हरणं नव्हे. पडल्यावर उठायला दहा आकडे मिळतात. हे दहा आकडे, तीन मिनिटांची फेरी आणि मधली एक मिनिट विश्रांती हे सगळं क्वीन्सबेरी नियमांतलं, १८६७ चं. त्याआधी ग्लोव्हज नव्हते आणि फेरीला घड्याळही नव्हतं. माणूस खाली गेला की फेरी संपली, तीस सेकंद दम खायचा आणि पुन्हा मधल्या रेषेवर येऊन उभं राहायचं. जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन १८८९ च्या जुलैत, मिसिसिपीच्या उकाड्यात, त्या जुन्याच नियमांनी ७५ फेऱ्या लढले. आकडा ऐकून दचकू नका. दम लागला की गुडघा टेकायचा, फेरी आपोआप संपायची. ही सोय नव्या नियमांनी काढून घेतली आणि सगळा मामला घड्याळाच्या आणि मोजणाऱ्याच्या हाती गेला.

आता माझा लाडका माणूस, जॅक डेम्प्सी, अमेरिकेचा हेवीवेट जगज्जेता. याच्यावर जरा वेळ जाईल, आधीच माफी मागतो.

१४ सप्टेंबर १९२३, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. समोर अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो, आडदांड गडी. पहिल्या एकाच फेरीत फिर्पो सात वेळा पडला. सात वेळा! आणि दर वेळी डेम्प्सी त्याच्या डोक्याशी उभा. तो उठायला लागला, गुडघा जमिनीवरून सुटला, की हाणलाच पुन्हा. रेफरी बघतोय. तेव्हा ते चालून जायचं. मग त्याच फेरीत फिर्पोचा उजवा असा बसला की डेम्प्सी दोऱ्यांतून थेट बाहेर, पत्रकारांच्या टाइपरायटरांवर जाऊन आदळला. पत्रकारांनी त्याला ढकलून परत आत घातला. तो किती सेकंद बाहेर होता, यावर आजतागायत एकमत नाही. दुसऱ्या फेरीत त्यानं फिर्पोला संपवला, पण जॉर्ज बेलोजनं चित्र काढलं ते डेम्प्सी बाहेर उडतोय त्या क्षणाचं. बॉक्सिंगमधलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, आणि त्यात जिंकणारा दोऱ्यांबाहेर. ज्याला निकाल माहीत नाही तो फिर्पोच जिंकला म्हणून घरी जाईल.

पडलेल्या माणसाच्या डोक्यावर असं उभं राहायचं नाही, हा नियम पुढे कडक झाला. समोरचा पडला की तुम्ही लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात जायचं, तोवर रेफरी मोजणार नाही. डेम्प्सीच्या बाबतीत पुढे काय झालं, ते हा नियम लक्षात ठेवून ऐका.

१९२६ मध्ये जीन टनीनं फिलाडेल्फियाच्या पावसात डेम्प्सीचं जगज्जेतेपद काढून घेतलं. चेहरा सुजवून घरी आलेल्या डेम्प्सीला बायकोनं विचारलं, हे काय झालं? तो म्हणाला, 'अगं, वाकायला विसरलो!' पुढच्या जुलैत जॅक शार्कीशी लढत. ठोसे कमरेखाली बसतायत अशी तक्रार करायला शार्कीनं रेफरीकडे मान वळवली आणि डेम्प्सीनं त्याच्या जबड्यावर डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, घातला. नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणे, 'मग काय करायला हवं होतं? पत्र लिहायचं होतं?' (हशा) नियम हे त्याचं कामच नव्हतं. तो रेफरीकडे बघायचाच नाही.

आणि मग २२ सप्टेंबर १९२७. शिकागोचं सोल्जर फील्ड, लाखाच्या वर माणूस. टनीविरुद्ध दुसरी लढत, दहा फेऱ्यांची. सहा फेऱ्या टनी आरामात खेळतोय. टनी म्हणजे अभ्यासू माणूस, शेक्सपिअर वाचणारा. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात त्यानं शेक्सपिअरवर व्याख्यान दिलं. बॉक्सरनं शेक्सपिअरवर बोललेलं येलला चालतं, तर माझ्यासारख्या ढेरपोट्यानं बॉक्सिंगवर बोललेलं तुम्हाला चालायला हरकत नाही. (हशा) असो. सातव्या फेरीत डेम्प्सीनं त्याला दोऱ्यांशी गाठलं. डावा हुक, मग उजवा, मग लागोपाठ दोन्ही हात, आणि टनी खाली. आयुष्यात पहिल्यांदा. डावा हात मधल्या दोरीला, एक पाय दुमडलेला, डोळे कुठेतरी लांब.

आणि डेम्प्सी? उभा. तिथेच, जवळ. १९२३ चा डेम्प्सी. रेफरी डेव्ह बॅरी त्याला म्हणतोय जा, पलीकडच्या कोपऱ्यात जा. हा हलत नाही. लढतीआधी दोघांनाही हा नियम सांगितलेला होता, रिंगमध्ये पुन्हा बजावला होता. रिंगबाहेर घड्याळवाल्यानं मोजायला सुरुवात केलीये, तो पाचाच्या आसपास पोचला. डेम्प्सी एकदाचा हलला, बॅरी वळला आणि त्यानं पहिल्यापासून मोजायला घेतलं. एक.

टनी नवावर उठला. एकंदर चौदा सेकंद तरी गेले. चौदा सेकंद म्हणजे किती हे सांगून कळत नाही. आपण करून बघू. मी घड्याळ लावतो, कुणी बोलायचं नाही. मनात धरा की डोकं बधिर झालंय आणि लाख माणसं ओरडतायत. सुरू.

(सभागृहात शांतता, मग खोकला, मग हशा)

झाले. बघितलंत? आपल्याला अवघडल्यासारखं झालं. एका बाईंनी तेवढ्यात पर्स उघडून गोळी खाल्ली. माणूस शुद्धीवर यायला हा वेळ पुरेसा आहे. टनी उठला तो मागे मागे, गोल गोल पळायला लागला. डेम्प्सीचे पाय आता थकलेले. तो थांबला आणि हातानं खुणावू लागला, ये की, लढ की! टनी कशाला येतोय? त्यानं ती फेरी काढली. आणि आठव्या फेरीत काय झालं हे डेम्प्सीचे भक्त कधी सांगत नाहीत आणि टनीचेही सांगत नाहीत: डेम्प्सी क्षणभर पडला, आणि बॅरीनं टनी कोपऱ्यात जायची वाट न बघता लगेच 'एक' म्हटलं! एकाच माणसानं, दोन फेऱ्यांत, दोन हिशेब केले. शेवटी निकाल गुणांवर टनीच्या बाजूनं. त्याच्या वाट्याला ९ लाख ९० हजार डॉलर आले. त्यानं प्रवर्तक टेक्स रिकार्डला स्वतःचे दहा हजार देऊन पूर्ण दहा लाखांचा एकच चेक लिहून घेतला. हौस!

माझे एक मित्र आहेत, नाव घेत नाही, आज इथेच बसलेत. ते गेली कित्येक वर्षं मला ऐकवतात की डेम्प्सीला लुटलं. अहो, कुणी लुटलं? टनी पुढे म्हणाला की आपण त्याआधीही उठू शकलो असतो. त्यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण डेम्प्सी लगेच कोपऱ्यात गेला असता तर हा वादच उरला नसता. ज्या सवयीवर त्यानं फिर्पोला सात वेळा लोळवलं, तीच सवय चार वर्षांनी त्याच्या मुळावर आली. आणि खरी गोष्ट सांगू? टनी दहाच्या आत उठला नसता तर ती एक साधी नॉकआउट झाली असती. डेम्प्सी जगज्जेता, टाळ्या, संपलं. बॅरीच्या त्या चार-पाच जादा सेकंदांनी ती फेरी अजून जिवंत ठेवली आहे. डेम्प्सीनं स्वतः कधी फार कुरकुर केली नाही, त्याची आणि टनीची पुढे चांगली दोस्ती झाली. भांडतो आपण.

कार्यवाह चिठ्ठी देतायत. दहा मिनिटं. बघा, मी अजून १९२७ मध्येच आहे. अली-फोरमन किन्शासाची आठवी फेरी, अली-फ्रेझर मनिलाची चौदावी, दोन्ही गाळतो. तुम्हाला पाठ आहेत.

मूळ मुद्दा राहिला, तो भराभर सांगतो. उशिराची किंमत काय? रूबी गोल्डस्टीन हा न्यूयॉर्कचा नावाजलेला रेफरी. १९५२ मध्ये यांकी स्टेडियममध्ये शुगर रे रॉबिन्सन आणि जोई मॅक्सिम यांची लढत, पारा ४० अंशांवर. रॉबिन्सन गुणांत खूप पुढे होता आणि तरी उन्हाळ्यानं हरला, चौदाव्या फेरीला उठलाच नाही. पण त्याच्याआधी, दहाव्या फेरीनंतर, कोण गळपटलं? गोल्डस्टीन! बदली रेफरी आणावा लागला. इथपर्यंत हसायची गोष्ट. हाच गोल्डस्टीन २४ मार्च १९६२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट यांच्यात उभा होता. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोऱ्यांना अडकला. अडकला म्हणजे पडू शकत नव्हता. पडला नाही, म्हणून मोजणी नाही. पडणं हीच त्याची सुटका होती आणि दोऱ्यांनी त्याला उभं धरलं होतं. ग्रिफिथ मारत राहिला, गोल्डस्टीन काही सेकंद उशिरा मध्ये पडला. टीव्हीवर देश बघत होता. दहा दिवसांनी पॅरेट गेला. गोल्डस्टीन त्यानंतर रेफरी म्हणून जवळजवळ दिसलाच नाही.

आता उलट बाजू. १७ मार्च १९९०, लास व्हेगास. मेक्सिकोचा अपराजित हुलिओ सेसार चावेझ आणि ऑलिंपिक सुवर्णवाला मेल्ड्रिक टेलर. रेफरी रिचर्ड स्टील. तिघांपैकी दोन गुणलेखकांकडे टेलर खूप पुढे. शेवटच्या फेरीत नुसतं उभं राहिला असता तरी जिंकला असता, पण कोपऱ्यातून त्याला सांगितलं गेलं की ही फेरी हवीये. तो भिडला आणि अखेरच्या क्षणांत पडला. उठला. स्टीलनं विचारलं, ठीक आहेस ना? उत्तर नाही. टेलर दुसरीकडे बघत होता, त्याचा प्रशिक्षक दोरीजवळ चढला होता. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. स्टीलनं हात हलवले. लढत संपायला दोन सेकंद होते. दोन! स्टील म्हणाला, वेळ बघणं माझं काम नाही, माणूस बघणं माझं काम आहे. मेक्सिको सोडून सगळं जग त्याच्यावर तुटून पडलं.

माझं मत विचाराल तर स्टीलचं बरोबर होतं. टेलरचा चेहरा फुटला होता, त्यानं रक्त गिळलं होतं, आणि तो पुन्हा तसा कधी खेळला नाही. दोन सेकंद उरलेत म्हणून मेंदू दोन सेकंद थांबत नाही. आणि हाच स्टील पाच वर्षं आधी हॅग्लर आणि हर्न्सच्या लढतीत होता. बॉक्सिंगमधली सर्वोत्तम पहिली फेरी कोणती विचारलं तर बहुतेक तिचंच नाव घेतात. हर्न्सचा हात त्याच फेरीत मोडला. तिसऱ्या फेरीत स्टीलनं खेळ थांबवून हॅग्लरची कपाळावरची जखम डॉक्टरला दाखवली. डॉक्टरनं चालू द्या म्हटलं, लगेच हॅग्लरनं हर्न्सला झोपवला. म्हणजे घाईचा माणूस नव्हता तो.

शेवटची. ७ मे २००५, दिएगो कोरालेस आणि होसे लुईस कास्तियो, दहावी फेरी. कोरालेसचे डोळे सुजून बंद होत आलेले. कास्तियोच्या डाव्या हुकनं तो पडला. उठला, पुन्हा पडला. दोन्ही वेळा त्यानं दातांवरचं गार्ड थुंकलं. रेफरी टोनी वीक्सनं एक गुण कापला, पण गार्ड धुऊन पुन्हा बसवायला वेळ गेला, आणि कोरालेसला तेवढाच दम मिळाला. म्हणजे पुन्हा तेच, १९२७ चे जादा सेकंद, फक्त शिकागोऐवजी लास व्हेगास. त्या क्षणी वीक्सनं लढत थांबवली असती तर कुणी ब्र काढला नसता. त्यानं चालू दिली. मिनिटाभरात कोरालेसनं कास्तियोला दोऱ्यांवर नेऊन असा झोडला की वीक्सनं कास्तियोलाच वाचवलं.

आता मला अडचण अशी की ही फेरी मला सगळ्यात जास्त आवडते आणि स्टीलचं मला पटतं. वीक्स चुकला असता तर कोरालेसचं नाव पॅरेटच्या शेजारी लिहिलं गेलं असतं. चालू द्यावं की थांबवावं हे त्या क्षणी त्याला एकट्याला ठरवायचं होतं. आपण वीस वर्षं यूट्यूबवर मागेपुढे करून ठरवतोय.

दोन मिनिटं उरली म्हणतायत, तर प्रश्न घेऊया. टायसननं होलीफिल्डचा कान का चावला, हा प्रश्न सोडून. ती १९९७ ची तिसरी फेरी, रेफरी मिल्स लेन, आणि तिथंही त्यानं पहिल्या चाव्यानंतर लढत चालूच ठेवली होती!