सातांपैकी ती कोणाची?

जालन्याकडची एक दफनभूमी. २ नोव्हेंबर, ऑल सोल्स डे. मंडळीतली माणसं सकाळीच आलीत, चुन्याची बादली, झेंडूच्या माळा, मेणबत्त्यांचे पुडे घेऊन.

कडेच्या एका कबरीपाशी सत्तरीच्या आज्जी बसल्यात. दगडावर दोन नावं. नवऱ्याच्या नावाखाली दोन तारखा, आज्जींच्या नावाखाली एकच. पुढची जागा कोरी. "कोरनारा म्हनला, दोन्ही नावं एकदम केली तर सस्त्यात पडतंय," असं सांगत त्या ओल्या फडक्यानं स्वतःचं नाव पुसून घेतात.

आणि शेजारी उभ्या पाळकसाहेबांना विचारतात, "तिकडं गेल्यावर आमी नवरा-बायकोच ऱ्हानार का वो? का नुसतीच वळख?"

हाच प्रश्न येशूपुढेही आला होता. मत्तय, मार्क, लूक, तिन्ही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, तो आहे. पण विचारणारे आज्जींसारखे नव्हते. ते होते सदूकी, यहुद्यांतला एक पंथ. मेलेलं माणूस पुन्हा उठतं हे त्यांना मुळातच मान्य नव्हतं, म्हणजे प्रश्न कसला, सापळाच.

मोशेचं नियमशास्त्र सांगतं, भाऊ निपुत्रिक मेला तर दुसऱ्या भावानं त्याच्या विधवेशी लग्न करून त्याचा वंश चालवावा. दिराशी पाट लावायची चाल आपल्याकडेही काही समाजांत होतीच, त्यामुळे हे इथं फोडून सांगावं लागत नाही. तर सदूकी म्हणाले, सात भाऊ होते. थोरला मेला, बायको दुसऱ्याला. तोही मेला, मग तिसऱ्याला. असे साती गेले, मूल एकालाही नाही. शेवटी ती बाईही गेली. आता पुनरुत्थानात ती कोणाची?

आपल्या शेजारणी वडाला दोरा गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागतात. इथं एकाच जन्मात सात!

येशूनं सातांतला एकही निवडला नाही. मेलेल्यांतून उठलेले लग्न करत नाहीत आणि करूनही देत नाहीत, ते देवदूतांसारखे असतात, असं त्याचं उत्तर. लूक त्याला एक कारण जोडतो: ते पुन्हा मरू शकत नाहीत. सगळी मेख इथं आहे. दिराशी लग्नाचा कायदा मरणामुळे आला, वंश बुडू नये म्हणून. जिथं मरणच नाही, तिथं वारस कशाला?

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. सगळी चर्चा त्या बाईवर, पण तिला कोणी काही विचारलंच नाही. सातबारा कोणाच्या नावावर चढवायचा, असाच तो सूर. येशूच्या उत्तरात ती कोणाच्याच नावावर चढत नाही. आज्जींना हे उत्तर कडू लागेल. पण मार खात संसार केलेली एखादी बाई ते ऐकून मोकळा श्वासही घेईल.

येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो, नवरा जिवंत आहे तोवरच बायको त्याला बांधलेली. तो गेला की ती मोकळी, पुन्हा लग्न करू शकते. चर्चमधल्या लग्नाच्या वचनांतही मरणापर्यंतचीच मुदत आहे. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) पंथाचे लोक मंदिरात सर्वकाळासाठी लग्न लावतात खरे, पण त्याचा आधार त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत.

मग माणसं एकमेकांना परकी होतात का? सदूक्यांना उत्तर देताना येशू अब्राहाम, इसहाक आणि याकोब या केव्हाच मेलेल्या पूर्वजांचं नाव घेतो. देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे, म्हणतो. म्हणजे नाव तर टिकलं.

यातला याकोब जालन्याला जवळचा. ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात इथं ख्रिस्ती गाव वसवलं, त्याला नाव दिलं बेथेल. उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपलेल्या याकोबानं त्या जागेला दिलेलं तेच नाव, देवाचं घर. या याकोबाचा जीव राहेलवर. लेआ सासऱ्यानं फसवून गळ्यात घातलेली. राहेल बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली, तिथंच पुरली. आणि मरताना याकोब मुलांना सांगतो, मला मकपेलाच्या गुहेत ठेवा, तिथं मी लेआला पुरलंय. जिच्यावर जीव होता ती वाटेवर राहिली, नको होती ती शेजारी. असल्या कुटुंबाची जोडपी वर कशी लावायची?

पाळकसाहेब आज्जींना एवढं सगळं सांगत नाहीत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय काढतात. आपली माणसं गेली म्हणून आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, प्रभू येईल तेव्हा आपण त्यांच्याबरोबर असू, असं पौल तिथं म्हणतो.

"बरोबर म्हनलंय ना?"

"हो, बरोबर."

"मंग बास."

नातू चुन्याचा कुंचला घेऊन दगडाच्या उजव्या बाजूला येतो. आज्जी त्याचा हात धरतात.

"हिकडं जरा कमी लाव रं. म्या अजून हाय."