पुलाआधीची वाळू

(नदीचं पात्र. मागे बर्फाचा डोंगर.)

नदी व्हांगाएहू. गाव असं काही नाही, जागेचं नाव तांगीवाई. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत तांगी म्हणजे रडणं, वाई म्हणजे पाणी. हे नाव १९५३च्या इथल्या रेल्वे अपघाताच्या आधीपासूनचं आहे.

मागे दिसतोय तो रुआपेहू. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, २७९७ मीटर, आणि जिवंत ज्वालामुखी. माथ्यावर तळं आहे. १९४५च्या उद्रेकानंतर तळ्याच्या काठावर राखेचा बांध साचला आणि त्याच्या आड आठ वर्षं पाणी चढत गेलं. २४ डिसेंबर १९५३, नाताळची आदली रात्र. बांध फुटला. पाण्याबरोबर बर्फ, राख, चिखल, धोंडे घेऊन लोंढा खाली आला आणि रेल्वे पुलाचा खांब घेऊन गेला. वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली एक्सप्रेस तेव्हा काही मिनिटांवर होती. गाडीत २८५ माणसं.

(स्मारकावरची नंबर प्लेट, जवळून.)

ही प्लेट त्या इंजिनाची. केए ९४९. वाफेचं इंजिन, त्यावर ड्रायव्हर चार्ल्स पार्कर आणि फायरमन लान्स रेडमन. आपल्याकडे आता कागदोपत्री लोको पायलट म्हणतात; घरी विचाराल तर अजून ड्रायव्हरच.

पुलाजवळ एक माणूस उभा होता. सिरिल एलिस, टपाल खात्यातला कारकून. रस्त्याने येताना त्याने नदीचा अवतार पाहिला, आणि बॅटरी हलवत तो रुळाच्या कडेने गाडीच्या दिशेने धावला.

पार्करला ती बॅटरी दिसली का, हे तो सांगायला उरला नाही. इंजिनाने मात्र सांगितलं. चौकशीत वाफ बंद केलेली आढळली. भट्टीच्या तेलाचा पुरवठा बंद. आणि रुळांवर वाळू. चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. आपल्या घाटात चढणाऱ्या इंजिनांनाही वाळूच्या पेट्या असतात. ही वाळू पुलाच्या सुमारे दोनशे यार्ड आधीपासून पडली होती. म्हणजे अंधारात, भरधाव गाडीवर, दोघांनी हाताशी होतं ते सगळं केलं होतं. गाडी थांबायला तेवढं अंतर पुरेसं नव्हतं. वेग मात्र तुटला, आणि शेवटचे तीन प्रवासी डबे, गार्डाचा डबा, टपालाचा डबा रुळावरच राहिले.

इंजिन आणि दुसऱ्या वर्गाचे पाचही डबे नदीत गेले. पहिल्या वर्गाचा पुढचा डबा काठावर लटकला, मग तोही गेला. १५१ माणसं गेली, त्यांतली १४८ दुसऱ्या वर्गाची. वीस जण सापडलेच नाहीत.

क्रिकेटवाल्यांना तांगीवाई हे नाव दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या जोहान्सबर्ग कसोटीमुळे माहीत असतं. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज बॉब ब्लेअरची वाग्दत्त वधू या गाडीत होती. तरी २६ तारखेला तो शेवटचा फलंदाज म्हणून मैदानात उतरला. दुसऱ्या टोकाला, चेंडू लागून डोक्याला पट्टी बांधलेला त्याचाच साथीदार बर्ट सटक्लिफ.

(कारोरी दफनभूमी, वेलिंग्टन.)

ओळख न पटलेले २१ जण इथे एकत्र पुरले आहेत.

(तांगीवाई. हायवे ४९. दुसरा दगड.)

डोंगरावर आता इशारा देणारी यंत्रणा आहे. १८ मार्च २००७ला असाच लोंढा आला, गाड्या आधीच थांबवल्या होत्या, कुणाला काही झालं नाही.

हा दगड मात्र नवा आहे. पार्कर आणि रेडमन यांच्या नावाचा. एलिसला शौर्याचं जॉर्ज पदक मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. इंजिनावरच्या दोघांचा दगड बसला २४ डिसेंबर २०१७ला. चौसष्ट वर्षांनी.

(पुलावरून मालगाडी. निवेदन थांबतं. आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)